मोहनची वंशावळ : पांढरा वाघ ही वेगळी जाती का नाही?

२७ मे १९५१. तेव्हाच्या विंध्य प्रदेशातल्या, म्हणजे आजच्या मध्य प्रदेशातल्या सीधी भागातलं जंगल. रीव्याचे महाराज मार्तंडसिंह यांच्या शिकारी मंडळींना पिल्लांसह एक वाघीण सापडली. वाघीण नेहमीसारखीच, तांबूस पिवळ्या अंगाची आणि काळ्या पट्ट्यांची. पिल्लंही तशीच होती, फक्त एक पांढरं होतं. वाघीण आणि पिवळी पिल्लं मारली गेली. साधारण नऊ महिन्यांचं ते पांढरं पिल्लू जिवंत पकडून रीव्याजवळच्या गोविंदगडच्या राजवाड्यात आणलं आणि त्याचं नाव मोहन ठेवलं.

आज जगभरातल्या प्राणिसंग्रहालयांत जे पांढरे वाघ दिसतात, त्यातल्या बहुतेकांची वंशावळ मागे नेत गेलं की ती या मोहनपाशी पोचते. त्यामुळे मोहनचं घराणं हे आनुवंशिकता शिकायला फार सोयीचं प्रकरण आहे. शाळेत हा धडा मेंडेलच्या वाटाण्यांपासून सुरू होतो आणि ते योग्यच आहे, कारण वाटाण्याची शेकडो रोपं लावून मोजता येतात. पण वाटाण्याचं गणित सोडवताना पुष्कळ मुलांना वाटतं की हे सगळं वाटाण्यापुरतंच. मोहनच्या घराण्यात तेच गणित दोन-दोन क्विंटलच्या जनावरांत चालताना दिसतं. शिवाय यात वर्गीकरणाचा प्रश्नही गुंतलेला आहे. पांढरं पिल्लू पिवळ्या वाघिणीचं होतं. मग त्याला वाघ म्हणायचं, की वाघाच्या जवळची दुसरी जाती?

आधी नाव, मग रंग

वर्गीकरणाची उतरंड आठवा. वाघ प्राणिसृष्टीतला. पाठीचा कणा असल्यामुळे समपृष्ठरज्जू संघातला. आई पिल्लाला दूध पाजते म्हणून सस्तन वर्गातला. गण मांसाहारी, कुल मांजराचं. त्याखाली पँथेरा ही प्रजाती. आज जिवंत असलेले पाच प्राणी तिच्यात बसतात : वाघ, सिंह, बिबट्या, जग्वार आणि हिमबिबट्या. सगळ्यात खालच्या पायरीवर जाती. वाघाचं शास्त्रीय नाव पँथेरा टायग्रिस. लिनियसने १७५८ साली वाघाला फेलिस टायग्रिस म्हटलं होतं, म्हणजे घरच्या मांजराच्या प्रजातीत ठेवलं होतं. पुढे अभ्यास वाढला आणि १९२९ साली पोकॉक या ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञाने त्याला पँथेरात नेलं. त्या वेळी वाघात काहीच बदल झाला नव्हता. कोण कोणाचा किती जवळचा नातेवाईक आहे, याची आपली समज बदलली होती. वर्गीकरण नातं सांगतं, आणि नवा पुरावा आला की ते सुधारावं लागतं.

आता मोहनकडे पाहू. त्याची पट्ट्यांखालची जमीन पांढरीशुभ्र, पट्टे मात्र गडद राखाडी-तपकिरी, नाक गुलाबी, डोळे निळसर. पट्टे शाबूत होते हे नीट ध्यानात ठेवा. पुष्कळ ठिकाणी पांढऱ्या वाघाला ‘अल्बिनो’ म्हणतात, आणि ते चूक आहे. पूर्ण वर्णहीन प्राण्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य तयारच होत नाही, त्यामुळे पट्टेही उमटत नाहीत आणि बुबुळातून आतल्या रक्तवाहिन्यांचा लालसरपणा दिसतो. मोहनच्या अंगात मेलॅनिन बनत होतं. मेलॅनिनचे दोन प्रकार असतात : एक काळा-तपकिरी, दुसरा लालसर-पिवळा. मोहनचा पहिला बऱ्यापैकी टिकला होता, दुसरा जवळजवळ गायब होता. वाघाच्या अंगावरचा तांबूस पिवळा रंग या दुसऱ्या प्रकारामुळे येतो. तो गेला की उरतं पांढरं अंग आणि त्यावर गडद पट्टे.

एवढा फरक दिसल्यावर ‘ही वेगळी जाती असेल’ असं वाटणं स्वाभाविक आहे. काही जाहिरातींत तर पांढऱ्या वाघाला बर्फाच्या प्रदेशातला वाघ म्हणूनही खपवलं गेलं. सैबेरियात राहणारे वाघ थोडे फिकट असले तरी तांबूस पिवळेच असतात, आणि पांढऱ्या वाघांच्या जुन्या नोंदी आहेत त्या भारतातल्या जंगलांतल्या, जिथे बर्फ पडत नाही.

जाती ठरवायची एक जुनी आणि आजही उपयोगी कसोटी अशी : दोन प्राणी निसर्गात एकमेकांत मिसळून वाढतात का, आणि त्यांची पिल्लं पुढे स्वतः पिल्लं देऊ शकतात का? सिंह आणि वाघीण यांना पिंजऱ्यात एकत्र ठेवलं तर ‘लायगर’ होतो, पण लायगर नर वांझ असतो. सिंह आणि वाघ यांच्या जाती वेगळ्या असल्याची ही खूण आहे. मोहनच्या बाबतीत या कसोटीचं पहिलं उत्तर गोविंदगडला येण्याआधीच मिळालेलं होतं. त्याची आई पिवळी वाघीण होती आणि एकाच वेतातली त्याची भावंडं पिवळी होती. एकाच वेतात एका जातीची तीन आणि दुसऱ्या जातीचं एक, अशी पिल्लं कोणत्याही वाघिणीला होत नाहीत.

गोविंदगडच्या राजवाड्यातली तीन वेतं

महाराजांना आणखी पांढरे वाघ हवे होते. त्यांनी मोहनसाठी जंगलातून पकडलेली पिवळी वाघीण आणली, तिचं नाव बेगम. १९५३ ते १९५६ या काळात बेगमची तीन वेतं झाली. तीन वेतांत मिळून दहा पिल्लं आणि त्यातलं एकही पांढरं नाही.

इथे थांबून वहीत लिहून काढा. प्रत्येक प्राण्याकडे एका जनुकाच्या, म्हणजे एखादा गुण ठरवणाऱ्या आनुवंशिक घटकाच्या, दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. वाघात गुणसूत्रांच्या १९ जोड्या असतात, आणि पिल्लाला प्रत्येक जोडीतलं एक गुणसूत्र आईचं, एक बापाचं मिळतं. रंगाच्या या जनुकाचं नेहमीचं रूप ‘न’ मानू आणि पांढरा रंग देणारं रूप ‘प’. ‘न’ प्रभावी आहे : त्याची एक प्रत असली तरी वाघ पिवळाच दिसतो. ‘प’ अप्रभावी आहे : दोन्ही प्रती ‘प’ असतील तरच वाघ पांढरा होतो.

मोहन पांढरा, म्हणून तो ‘पप’. त्याची आई पिवळी होती, तरी तिच्याकडून त्याला एक ‘प’ आलेलाच असणार. म्हणजे ती ‘नप’, दिसायला पिवळी आणि आत पांढऱ्याचा वारसा बाळगणारी, थोडक्यात वाहक. बापाला कोणी पाहिलं नाही, पण त्याच्याकडेही निदान एक ‘प’ होताच. एक पिल्लू पाहून दोन मोठ्या जनावरांच्या पोटातली गोष्ट कळते, हा आनुवंशिकतेचा मला सगळ्यात आवडणारा भाग आहे.

बेगम पिवळी होती. ती ‘नन’ असेल किंवा ‘नप’. कोणती, हे नुसतं पाहून सांगता येणार नाही. पिल्लांवरून सांगता येईल का? बेगम ‘नप’ असती तर प्रत्येक पिल्लू पांढरं असण्याची शक्यता निम्मी होती, कारण मोहन दर वेळी ‘प’ देणार आणि बेगम निम्म्या वेळा. मग दहाच्या दहा पिल्लं पिवळी निघण्याची शक्यता किती? अर्ध्याला अर्ध्याने दहा वेळा गुणा. उत्तर येतं १०२४ पैकी १. एवढी दुर्मीळ गोष्ट घडली असं मानण्यापेक्षा बेगम ‘नन’ होती असं मानणं जास्त सयुक्तिक आहे. ‘पप’ आणि ‘नन’ यांचं प्रत्येक पिल्लू ‘नप’च होणार, म्हणजे सगळी पिवळी आणि सगळी वाहक.

राजवाड्यातल्या लोकांना त्या वेळी हे अपयश वाटलं असेल. खरं तर पांढरा रंग त्या दहाही पिल्लांत होता, फक्त दिसत नव्हता.

राधा

बेगमच्या दुसऱ्या वेतात राधा नावाची मादी होती. ती मोठी झाल्यावर तिला मोहनजवळच ठेवलं. मोहन तिचा बाप. गणित असं : मोहन ‘पप’, राधा ‘नप’, पिल्लांतली साधारण निम्मी पांढरी. ३० ऑक्टोबर १९५८ रोजी राधाचं पहिलं वेत झालं. चार पिल्लं, चारही पांढरी : राजा, राणी, मोहिनी आणि सुकेशी.

अपेक्षा निम्म्याची होती आणि चारही पांढरी आली, तर मेंडेलचा नियम मोडला का? वर्गात हा प्रश्न नक्की येतो. नियम मोडलेला नाही. ‘निम्मी’ ही शक्यता प्रत्येक पिल्लासाठी वेगळी आणि नव्याने असते. आधीचं पांढरं झालं म्हणून पुढचं पिवळं होईल असं बंधन कुठेच नाही. चारही पांढरी होण्याची शक्यता १६ पैकी १ आहे. १०२४ पैकी १ म्हणजे जवळजवळ नाहीच, पण १६ पैकी १ अधूनमधून घडत राहतं. वेत लहान असेल तर गुणोत्तर डळमळतं, संख्या वाढली की ते अपेक्षेजवळ येतं. मेंडेलने हजारो वाटाणे का मोजले, हे मुलांना इथे आपोआप उमगतं.

मोहिनी पुढे अमेरिकेला गेली. ५ डिसेंबर १९६० रोजी वॉशिंग्टनला व्हाइट हाउसमध्ये ती राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना भेट म्हणून दिली गेली आणि तिथल्या राष्ट्रीय प्राणिसंग्रहालयात राहू लागली. तिच्या जोडीला सॅम्पसन नावाचा पिवळा नर आणला. तो मोहन आणि बेगम यांचा मुलगा, म्हणजे राधाचा सख्खा भाऊ. मोहिनीशी त्याचं नातं दुहेरी : आईकडून मामा, बापाकडून सावत्र भाऊ. सॅम्पसनचा बाप पांढरा, म्हणून सॅम्पसन ‘नप’ असणार यात शंकाच नव्हती. जानेवारी १९६४ मध्ये मोहिनीला तीन पिल्लं झाली, एक पांढरं आणि दोन पिवळी. दिल्लीत राजा आणि राणी ही सख्खी भावंडं एकत्र ठेवली गेली. दोघंही ‘पप’, त्यामुळे त्यांना पांढरीच पिल्लं झाली, दुसरं काही होणं शक्यच नव्हतं.

याच सगळ्या पिढ्यांनी वर्गीकरणाचा प्रश्नही कायमचा मिटवला. पांढरे आणि पिवळे एकमेकांत मिसळत होते, त्यांची पिल्लं धडधाकट होऊन पुढची पिल्लं देत होती. पांढरा वाघ पँथेरा टायग्रिसच.

एका अक्षराचा फरक

‘प’ हे आपण सोयीसाठी दिलेलं नाव. खरं जनुक कोणतं, हे २०१३ साली कळलं. बीजिंगच्या पेकिंग विद्यापीठातल्या शू-जिन लुओ यांच्या गटाने पांढऱ्या आणि पिवळ्या वाघांच्या एका कुटुंबाचा डीएनए तपासला आणि नंतर इतर बऱ्याच वाघांशी ताडून पाहिला. डीएनए हा ए, टी, जी, सी या चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला असतो आणि वाघाचा संपूर्ण डीएनए सुमारे २४० कोटी अक्षरांचा. त्यात फरक सापडला एसएलसी४५ए२ या जनुकातल्या एका अक्षराचा. तिथे ‘सी’च्या जागी ‘टी’ आलं होतं. त्या एका अक्षरामुळे जनुक सांगतं त्या प्रथिनात ४७७व्या जागी अॅलॅनिनऐवजी व्हॅलिन हे अमिनो आम्ल बसतं. हे प्रथिन रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशींत पदार्थांची ने-आण करतं. त्याचा आकार किंचित बदलला की लालसर-पिवळं मेलॅनिन बनणं जवळजवळ थांबतं, काळं मात्र बनत राहतं.

हेच जनुक माणसात, घोड्यात, कोंबडीत आणि माशांतही आहे. युरोपातल्या लोकांच्या गोऱ्या कातडीशी आणि घोड्याच्या मलई रंगाशी याच जनुकाच्या वेगवेगळ्या रूपांचा संबंध आहे. माशापासून माणसापर्यंत एकच जनुक चालत आलेलं असणं, हा त्या सगळ्यांचा पूर्वज कधीकाळी एक होता याचाच पुरावा आहे. वर्गीकरणाच्या उतरंडीत वरच्या पायरीवर हे सगळे ‘समपृष्ठरज्जू’ म्हणून एकत्र का बसतात, ते इथे जनुकाच्या पातळीवर दिसतं.

रंगावर विसंबलं की उलट दिशेनेही फसगत होते. ‘ब्लॅक पँथर’ असा वेगळा प्राणी नाही. आपल्या ताडोबात दिसलेला काळा प्राणी हा बिबट्या, आणि दक्षिण अमेरिकेतला काळा तो जग्वार. दोन वेगळ्या जाती एकाच नावाखाली मोडतात. बिबट्यात काळा रंग अप्रभावी, तर जग्वारमध्ये प्रभावी आहे. दिसायला सारखे, पण जनुक वेगळं आणि वारसा चालण्याची रीतही वेगळी.

तिरळे डोळे आणि नात्यातलं प्रजनन

इथे या प्रकरणातला दुःखद भाग येतो, आणि त्यात दोन वेगळ्या गोष्टी नेहमी एकत्र कालवल्या जातात. त्या वेगळ्या करायला हव्यात.

पांढऱ्या वाघांपैकी पुष्कळांचे डोळे तिरळे असतात. १९७३ साली एका पांढऱ्या वाघाच्या मेंदूचा अभ्यास झाला. डोळ्यातून निघणाऱ्या मज्जातंतूंपैकी काही मेंदूच्या त्याच बाजूला जायला हवेत आणि काही ओलांडून दुसऱ्या बाजूला. त्या वाघात त्याच बाजूला राहायला हवे होते असे तंतूही ओलांडून गेलेले दिसले. सयामी मांजरातही असंच आढळतं. गर्भात डोळा घडताना रंगद्रव्य कमी पडलं की तंतूंची वाट चुकते. म्हणजे हा दोष रंगाच्या जनुकातूनच येतो. एका जनुकाचं काम एकाच जागी दिसेल असं नसतं.

दुसरी गोष्ट नात्यातल्या प्रजननाची. प्रत्येक प्राण्यात काही घातक अप्रभावी जनुकं दडलेली असतात. एकच प्रत असेपर्यंत त्यांचा त्रास होत नाही. समजा, असं एक जनुक मोहनकडे होतं. ते राधाला मिळण्याची शक्यता निम्मी. राधाने ते पिल्लाला देण्याची शक्यता त्याच्या निम्मी. त्याच पिल्लाला मोहनकडून थेट मिळण्याची शक्यता पुन्हा निम्मी. म्हणजे पिल्लाला दोन्ही प्रती घातक मिळण्याची शक्यता ८ पैकी १. हे एका जनुकाचं. अशी किती जनुकं दडलेली असतील कोण जाणे, आणि मोहनच्या घराण्यात बाप-लेक, भाऊ-बहीण, मामा-भाची असं पिढ्यानपिढ्या चाललं. पांढऱ्या वाघांत लहानपणी होणारे मृत्यू आणि जन्मजात व्यंगं यांबद्दल जे लिहिलं जातं, त्यातला मोठा वाटा रंगापेक्षा या नात्यांचा आहे.

म्हणूनच पांढरे वाघ वाढवणं हे वाघांचं संवर्धन नाही, असं मी ठामपणे म्हणेन. संवर्धनात जनुकांची विविधता टिकवायची असते. इथे एका अक्षरासाठी बाकीची २४० कोटी अक्षरं पणाला लावली गेली. अमेरिकेतल्या प्राणिसंग्रहालयांच्या संघटनेने २०११ साली आपल्या सदस्यांना पांढऱ्या वाघांचं मुद्दाम प्रजनन करण्यास मनाई केली. तरीही गर्दी पिंजऱ्यापुढे पांढऱ्यासाठीच जमते.

जंगलात पांढरं राहून वाघ जगू शकतो का, हाही एक रास्त प्रश्न. चितळ-सांबरांना लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही, त्यामुळे त्यांच्या नजरेला पिवळा वाघ झाडोऱ्यात मिसळून जातो. पांढऱ्याला हा फायदा मिळत नाही. तरी पूर्ण वाढलेले पांढरे वाघ मारल्याच्या नोंदी आहेत, म्हणजे काही जगत होते, शिकार करत होते. रानातला शेवटचा ज्ञात पांढरा वाघ १९५८ साली, म्हणजे राधाच्या पिल्लांच्याच वर्षी, तेव्हाच्या बिहारमधल्या हजारीबागच्या जंगलात मारला गेला असं नोंदलेलं आहे.

सिमिलिपालचा प्रश्न

मोहन १९६९ साली मेला. पण त्याच्या घराण्यात जे माणसांनी घडवलं, ते ओडिशातल्या सिमिलिपालच्या जंगलात आपोआप घडतंय. तिथल्या काही वाघांचे पट्टे इतके रुंद आणि एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ जवळजवळ काळा दिसतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले विनय सागर, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ साली दाखवलं की यामागे टॅकपेप या जनुकातला एक बदल आहे आणि तो अप्रभावी आहे. सिमिलिपालचे वाघ थोडे, बाहेरच्या वाघांपासून तुटलेले, त्यामुळे नात्यातच जोड्या जमतात आणि दडलेलं रूप वारंवार वर येतं.

त्यावर उपाय म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मध्ये महाराष्ट्रातून, आपल्या ताडोबा-अंधारीतून, जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमिलिपालला नेल्या. झीनत तिथून निघून झारखंड पार करून पश्चिम बंगालमध्ये शिरली. डिसेंबरच्या अखेरीस तिला बेशुद्ध करून परत आणावं लागलं.

वहीत आता एक उदाहरण सोडवा. काळ्या पट्ट्यांच्या रूपाला ‘क’ म्हणा आणि नेहमीच्या रूपाला ‘न’. सिमिलिपालचा एक काळा नर ‘कक’ आहे. ताडोबाची वाघीण ‘नन’ आहे असं धरा. त्यांच्या पिल्लांत काळी किती असतील? ती पिल्लं मोठी होऊन तिथल्याच एखाद्या काळ्या वाघाशी जोडी जमवतील, तेव्हा काय होईल? आणि त्याऐवजी त्यांची जोडी दुसऱ्या जंगलातून आणलेल्या, नात्यात नसलेल्या वाघाशी जमली, तर?